क्वेकर, ऑर्गन आणि बंदूक : ‘फ्रेंडली पर्स्वेजन’ समजून पाहण्यासाठी

‘फ्रेंडली पर्स्वेजन’ हा १९५६ सालचा हॉलिवूडचा चित्रपट १३७ मिनिटांचा आहे आणि त्यातली लढाई शेवटच्या तिसऱ्या भागात येते. तोवर पडद्यावर काय असतं? रविवारच्या घोडागाड्यांची शर्यत, जत्रा, पोराच्या मागे लागणारा एक चावरा पक्षी आणि घरात ऑर्गन आणल्यावरून नवरा-बायकोत पेटलेलं भांडण. ‘अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातल्या अहिंसावादी कुटुंबाची गोष्ट’ एवढंच ऐकून बसलेला प्रेक्षक तासाभरात चुळबुळ करायला लागतो. मूळ गोष्ट सुरू कधी होणार?

ती पहिल्या मिनिटालाच सुरू झालेली असते. नियम मोडावासा वाटणं, तो किती मोडायचा हे मनाशी ठरवणं आणि मग घरच्यांना, समाजाला तोंड देणं, हे सगळं चित्रपटातलं बर्डवेल हे क्वेकर कुटुंब आधी क्षुल्लक बाबतीत करून दाखवतं. युद्ध दारात येतं तेव्हा त्यातल्या प्रत्येकाची नस आपल्याला ठाऊक झालेली असते. हा चित्रपट सत्तर वर्षं टिकला तो या रचनेमुळे, असं आमचं मत आहे. फक्त ती रचना दिसायला क्वेकर मंडळींची रीत थोडी माहीत हवी, कारण चित्रपट ती समजावत बसत नाही.

क्वेकर म्हणजे कोण

आपल्याकडे हा शब्द बहुतेकांना ओट्सच्या पाकिटावरून माहीत आहे. त्या कंपनीचा या पंथाशी काहीही संबंध नाही. क्वेकर प्रामाणिक असतात या लौकिकाचा तिने नावापुरता उपयोग करून घेतला, एवढंच. पंथाचं खरं नाव ‘रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’. सतराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी तो सुरू केला. चित्रपटाच्या नावातलं ‘फ्रेंडली’ हे या फ्रेंड्सवरून आलेलं आहे.

त्यांचं मूळ म्हणणं असं की देवाचा अंश प्रत्येक माणसाच्या आत आहे, आणि त्याचा आवाज ऐकायला मध्ये पुरोहित लागत नाही. बाकीचं सगळं यातून निघतं. प्रत्येकात देव आहे, तर राजापुढे टोपी कशाला काढायची? म्हणून टोपी डोक्यावरच. नेहमीच खरं बोलायचं, तर कोर्टात वेगळी शपथ कशाला घ्यायची? म्हणून शपथेला नकार. समोरच्यातही तोच अंश आहे, तर त्याला मारायचं कसं? म्हणून युद्धाला नकार. हा नकार त्यांनी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला जानेवारी १६६१ मध्ये लेखी कळवला होता.

चित्रपटाच्या काळात त्यांचे कपडे साधे, बिनझालरीचे. दारू, जुगार, नाच, वाद्यसंगीत, शर्यती सगळं वर्ज्य. महिन्यांची आणि वारांची नावं रोमन-जर्मन देवतांवरून आलेली, म्हणून तीही टाळायची आणि रविवारला ‘पहिला दिवस’ म्हणायचं. चित्रपटात ‘फर्स्ट डे’ हा शब्द वारंवार कानावर येतो तो यामुळे.

बोलण्यातलं ‘दी’ (thee, म्हणजे ‘तू’) ऐकून पहिल्या पाच मिनिटांत गोंधळ होतो, त्याचाही उलगडा इथेच करू. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत आपल्यासारखंच एकेरी आणि आदरार्थी असं दुहेरी संबोधन होतं. क्वेकरांनी उमरावालाही एकेरीतच हाक मारायची असं ठरवलं आणि त्यापायी मार खाल्ला, तुरुंगवास भोगला. पुढे इंग्रजीतून एकेरी रूप जवळपास गेलं, क्वेकरांच्या घरात मात्र राहिलं. म्हणून चित्रपटातल्या संवादांत हे जुनाट वाटणारं सर्वनाम घरच्या माणसांपासून परक्या सैनिकापर्यंत सगळ्यांना सारखंच लागतं. शेवटाकडच्या एका प्रसंगात ते महत्त्वाचं ठरतं.

महाराष्ट्राशी या मंडळींचा एक धागा आहे. मार्जरी साइक्स या इंग्लंडहून आलेल्या क्वेकर बाईंनी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात नई तालीमचं काम केलं. आणि १९४७ चा शांततेचा नोबेल पुरस्कार ब्रिटिश आणि अमेरिकी क्वेकरांच्या दोन सेवासंस्थांना मिळून दिला गेला.

शांतता आणि तिचे नियम

सुरुवातीला एक प्रसंग आहे : एकीकडे मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये जोरात गाणं चाललंय, आणि दुसरीकडे क्वेकरांच्या सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. त्या सभागृहात व्यासपीठ नाही, क्रूस नाही, पेटी-बाजा नाही. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. समोर सगळ्यांकडे तोंड करून काही जण बसलेले असतात. ते मीटिंगचे, म्हणजे स्थानिक क्वेकर मंडळीचे, ज्येष्ठ आणि ‘मिनिस्टर’ म्हणून मान्यता मिळालेली माणसं.

इथे मिनिस्टर हे पगारी पद नाही. एखाद्याच्या बोलण्यात खरोखर आतली प्रेरणा आहे असं मीटिंगला वाटलं की ती मान्यता मिळते. बायकांनाही मिळते, आणि सुरुवातीपासून मिळत आली आहे. चित्रपटातली आई इलायझा अशी मिनिस्टर आहे. भूमिका डोरोथी मॅग्वायर यांची. हे ध्यानात ठेवलं नाही तर तिचा ऑर्गनला विरोध नुसता कजाग बायकोचा हट्ट वाटतो. घरात वाद्य वाजलं तर नवऱ्याची फार तर कानउघाडणी होईल, तिचं मात्र मीटिंगपुढे उभं राहून बोलण्याचं नैतिक बळच जाईल.

सभा चालते ती अशी : सगळे गप्प बसतात. कुणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर तो उठून बोलतो आणि पुन्हा बसतो. कुणीच बोललं नाही तरी सभा झाली असंच मानतात. शेवटी ज्येष्ठांनी शेजारच्याशी हात मिळवला की सभा संपली. कामकाजाच्या बैठकीतही मतदान नसतं. सगळ्यांचा कल एक होईपर्यंत थांबतात.

याच शांततेत उत्तरेच्या, म्हणजे गुलामगिरी ठेवू पाहणाऱ्या दक्षिणेविरुद्ध लढणाऱ्या, सैन्यातला एक अधिकारी जखमी सैनिकाला घेऊन येतो आणि विचारतो, तुमच्या घरादारासाठी दुसऱ्यांची पोरं मरतायत, तुम्ही काय करणार? चित्रपटाचा हा कणा आहे. नीट पाहा, उत्तर कोण किती जोरात देतो. पर्डी नावाचे ज्येष्ठ सगळ्यात ठणकावून सांगतात की काहीही झालं तरी आपण हात उचलणार नाही. बाप जेस बर्डवेल, म्हणजे गॅरी कूपर, अडखळतो. ऐन वेळी आपण काय करू ते सांगता येत नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. तरणा मुलगा जॉशही खात्री देऊ शकत नाही. ही भूमिका अँथनी पर्किन्सची. चार वर्षांनी तो ‘सायको’त दिसला आणि मग लोक त्याला कायमचे त्याच चेहऱ्याने ओळखू लागले. पण इथला जॉश पाहिला की त्या चेहऱ्यातला कोवळेपणा कळतो.

छोट्या नियमभंगांची तालीम

जेसला वेगाचं वेड आहे. दर पहिल्या दिवशी सभेला जाताना शेजारी सॅम जॉर्डनची गाडी पुढे जाते आणि जेसचा जीव खालीवर होतो. सॅम मेथडिस्ट असल्याने त्याला शर्यतीचं वावडं नाही. इलायझाची समजूत पटावी म्हणून जेस आपला ऐटबाज घोडा देऊन टाकतो आणि बदल्यात एक ओबडधोबड घोडी घेऊन येतो. तिच्याकडे पाहून कुणालाही शर्यतीची शंका येणार नाही. तिचा गुण एकच : दुसरा कुणी पुढे गेलेलं तिला खपत नाही. म्हणजे जेसने शब्दही पाळला आणि हौसही भागवली. पळवाट काढणं हा या माणसाचा स्वभाव आहे, आणि दिग्दर्शकाने तो हसत हसत आपल्या गळी उतरवला आहे.

ऑर्गनच्या प्रसंगावर मात्र थांबायला हवं, कारण पटकथेचं कसब तिथे सगळ्यात जास्त आहे. वाद्य कोणतं ते आधी. आपल्या संगीत नाटकांत साथीला असायची ती पायपेटी म्हणजे याच घराण्यातलं वाद्य. पायाने भाता चालवायचा, हवा धातूच्या पट्ट्यांवरून जाते आणि सूर निघतो. अमेरिकी बनावटीत हवा बाहेर फेकली जात नाही, आत ओढली जाते, म्हणून स्वर जरा मऊ येतो. पण लाकडी घरात तो मजल्यामजल्यांतून झिरपतो, आणि इथलं घर लाकडाचंच आहे.

जेस जत्रेतल्या विक्रेत्याकडून ऑर्गन घेतो. इलायझा सांगते, हे आत आलं तर मी बाहेर. आणि ती खरंच बाहेर जाते, गोठ्यात झोपायला. जेस थोडा वेळ ताठ राहतो, मग पांघरूण घेऊन तिच्या मागे जातो. सकाळी दोघं गोठ्यातून येतात ती हसत. तडजोड ठरलेली असते : ऑर्गन माळ्यावर राहील. १९५६ च्या हॉलिवूडमध्ये मध्यमवयीन जोडप्याच्या शरीरसुखाचा इतका मोकळा आणि इतका सभ्य उल्लेख क्वचितच सापडतो. मुलांना काही कळत नाही, मोठ्यांना सगळं कळतं.

यानंतर मीटिंगचे ज्येष्ठ घरी येतात आणि नेमकी त्याच वेळी मुलगी मॅटी माळ्यावर ऑर्गन वाजवायला बसते. सूर खाली येऊ लागतात. जेसपुढे एकच मार्ग उरतो : प्रार्थना. तो मोठमोठ्याने, लांबच लांब प्रार्थना करत सुटतो. वरचा सूर चढला की याचा आवाजही चढतो. क्वेकर रीतीत कुणी प्रार्थना करत असताना त्याला मध्येच तोडता येत नाही. हा नियम माहीत असला की प्रसंग दुप्पट रंगतो. जाताना एक ज्येष्ठ भारावून सांगतो की तुझ्या प्रार्थनेने मला स्वर्गातलं गाणं ऐकू आलं. त्याला खरंच तसं वाटलं की त्याने सगळं ओळखून पांघरूण घातलं, हे चित्रपट सांगत नाही. न सांगण्यातच मजा आहे.

एक गंमत जाता जाता. वाद्यसंगीत वर्ज्य असलेल्या कुटुंबाच्या या चित्रपटाची सुरुवातच गाण्याने होते. दिमित्री तिओमकिन यांचं संगीत, पॉल फ्रान्सिस वेबस्टर यांचे शब्द, पॅट बून यांचा आवाज. गाणं त्या काळी गाजलं आणि त्याला ऑस्कर नामांकनही मिळालं.

युद्धाचा पेच नक्की काय होता

चित्रपटाचा काळ १८६२ चा, अमेरिकी यादवी युद्धाचा, आणि जागा इंडियाना राज्याचा दक्षिण भाग. ओहायो नदीच्या पलीकडे केंटकी, म्हणजे गुलामगिरी चालू असलेलं राज्य. इंडियानातले बरेच क्वेकर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्थ कॅरोलायनातून आलेले होते, आणि येण्याचं एक मोठं कारण गुलामगिरीचा तिटकारा हे होतं. फिलाडेल्फियाच्या क्वेकरांच्या वार्षिक सभेने १७७६ मध्येच सदस्यांना गुलाम बाळगायला बंदी केली होती. इंडियानातल्या न्यूपोर्ट गावात लीव्हाय कॉफिन या क्वेकराचं घर पळून आलेल्या गुलामांचा आसरा म्हणून प्रसिद्ध होतं.

म्हणजे पेच असा : गुलामगिरी संपावी असं क्वेकरांना इतर बहुतेकांच्या आधीपासून वाटत होतं, आणि ती संपवायला जे युद्ध पेटलं त्यात लढणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. अब्राहम लिंकनने सप्टेंबर १८६४ मध्ये इलायझा गर्नी या क्वेकर बाईंना लिहिलेल्या पत्रात हे नेमकं पकडलं आहे. तुम्ही युद्धाच्याही विरोधात आणि जुलमाच्याही विरोधात, पण आज जुलमाला प्रत्यक्षात विरोध करायचा तर युद्धानेच करावा लागतोय. काहींनी एक बाजू धरली, काहींनी दुसरी, असं त्याने लिहिलं. नावाने इलायझा ही योगायोगाची गोष्ट, पात्राशी तिचा संबंध नाही.

कायद्याचीही अडचण होती. मार्च १८६३ च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यात ३०० डॉलर भरून किंवा बदली माणूस देऊन सुटता येत होतं. पण कट्टर क्वेकरांना तेही नको होतं. आपल्या पैशाने दुसरा कुणी गोळी झाडणार असेल तर आपण वेगळे कसे? फेब्रुवारी १८६४ मध्ये सुधारणा झाली आणि धर्माच्या कारणाने नकार देणाऱ्यांना रुग्णालयात किंवा मुक्त झालेल्या गुलामांच्या मदतकार्यात काम करण्याची किंवा आजारी-जखमी सैनिकांसाठी ३०० डॉलर देण्याची मुभा मिळाली. तरीही इंडियानातले शेकडो क्वेकर तरुण सैन्यात गेले. अशांचं नाव मीटिंगमधून काढता येत असे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ‘चूक झाली’ असं लिहून दिल्यावर त्यांना परत घेतलं गेलं. जॉशची गोष्ट अपवाद म्हणून पाहू नका.

चित्रपटातला हल्ला खऱ्या घटनेवरून घेतलेला आहे, फक्त वर्ष एक मागे ओढलं आहे. दक्षिणेचा घोडदळाचा सेनापती जॉन हंट मॉर्गन ८ जुलै १८६३ रोजी सुमारे दोन हजार स्वार घेऊन केंटकीतल्या ब्रँडनबर्गजवळ नदी ओलांडून इंडियानात घुसला. दुसऱ्या दिवशी कॉरिडनजवळ गावकऱ्यांच्या संरक्षक दलातल्या, म्हणजे होम गार्डमधल्या, सुमारे ४०० जणांनी त्याला अडवलं, पण थोड्याच वेळात त्यांना शरण यावं लागलं. वाटेत घोडे पळवणं, दुकानं लुटणं, जाळपोळीची धमकी देऊन गिरणीमालकांकडून खंडणी उकळणं असं चालू होतं. ११ जुलैला तो व्हर्नन गावाबाहेर आला, शरणागती मागितली, नकार मिळाला आणि तो वळून निघून गेला. २६ जुलैला ओहायोत तो पकडला गेला. क्षितिजावर धूर दिसणं, शेतातून जनावरं हाकून नेणं, गावकऱ्यांची घाईघाईत उभी राहिलेली फौज, हे तपशील बनावट नाहीत.

तीन माणसं, तीन उत्तरं

जॉश होम गार्डमध्ये जातो. आईचा विरोध आहे. बाप अडवत नाही. आपण त्याचा बाप आहोत, त्याची सदसद्विवेकबुद्धी नाही, असं तो बायकोला सांगतो. नदीच्या उतारावर दबा धरून बसलेल्या रांगेत जॉशला आधी चाप ओढवतच नाही. मग तो ओढतो आणि रडत रडत गोळ्या झाडत राहतो. इथे ना पराक्रमाचं संगीत आहे ना ‘मुलगा आता पुरुष झाला’ छापाची वाहवा.

इलायझा घरी आहे. शत्रूचे स्वार अंगणात येतात तेव्हा ती दार लावून घेत नाही. जेवायला बसवते, कोठारातलं घेऊन जा म्हणते. क्वेकर शिकवणीचं इतकं शुद्ध पालन दुसऱ्या कुणी केलेलं नाही. मग एक सैनिक समँथाच्या मागे लागतो. समँथा म्हणजे तिने पाळलेला गूस, बदकाहून मोठा, लांब मानेचा, धाकट्या मुलाला छळणारा पक्षी. आणि घरातलं सगळं धान्य शांतपणे देणारी ही बाई केरसुणी उचलून सैनिकाला बदडते. प्रेक्षागृह हसतं. पण याच बाईने मुलाच्या बंदूक घेण्याला विरोध केला होता. तत्त्वासाठी जिने मुलाशी वैर पत्करलं ती एका पक्ष्यासाठी हात उचलते, आणि नंतर तिची तिलाच लाज वाटते. सुरुवातीपासून समँथा विनोदासाठी ठेवली आहे असं वाटत होतं, ती कशासाठी होती ते इथे कळतं.

जॉशचा घोडा एकटाच परत येतो तेव्हा जेस बंदूक घेऊन निघतो. वाटेत त्याला सॅम जॉर्डन भेटतो, गोळी लागून मरणाच्या दारात. हाच सॅम स्वतः लढायला निघालेला असूनही जेसला म्हणाला होता की भांडणं मिटवायचा यापेक्षा बरा मार्ग कुणीतरी धरून ठेवतोय हे चांगलंच आहे. पुढे झाडीतून जेसवरही गोळी येते. तो पडून राहतो, हल्लेखोर जवळ येताच झटापट होते आणि बंदूक जेसच्या हातात येते. समोर मित्राचा खुनी. जेस त्याला जायला सांगतो, काही करणार नाही म्हणतो. आणि ते तो त्याच जुन्या एकेरी सर्वनामात म्हणतो, जे त्याने बायकोला, मुलांना आणि सॅमला वापरलं.

या तिघांत बरोबर कोण, याचा निकाल चित्रपट देत नाही. बाजूला आणखी दोन जण ठेवले आहेत. पर्डींचं कोठार जळतं आणि सभेत सगळ्यात मोठ्याने शांततेची ग्वाही देणारा हाच माणूस सगळ्यात मोठ्याने युद्ध मागू लागतो. दुसरा शेतावर काम करणारा इनॉक, गुलामगिरीतून पळून आलेला. त्याच्यापुढे हा तात्त्विक पेच नाहीच.

गॅरी कूपरच का

१९५६ च्या प्रेक्षकाला कूपरच्या हातात बंदूक दिसली की ती चालणार याची खात्री असायची. ‘सार्जंट यॉर्क’मध्ये (१९४१) त्याने युद्ध नाकारणारा आणि शेवटी युद्धवीर झालेला धर्मभीरू शेतकरी साकारला आणि ऑस्कर मिळवलं. ‘हाय नून’मध्ये (१९५२) तो स्वतः मार्शल होता आणि त्याची बायको क्वेकर. ग्रेस केलीने केलेली ती बायको शेवटी नवऱ्याला वाचवण्यासाठी एकाला गोळी घालतेच. हॉलिवूडमध्ये शांततावादी पात्राचा ठरलेला प्रवास हा असा होता : तत्त्व, संकट, बंदूक, टाळ्या.

कूपरलाही ही काळजी होती. लेखिका जेसमिन वेस्ट चित्रीकरणावर सल्लागार होत्या, आणि त्या दिवसांवर त्यांनी ‘टू सी द ड्रीम’ हे पुस्तक लिहिलं. त्यात कूपर म्हणतो की माझ्या चित्रपटात एका टप्प्यावर लोकांना मी काहीतरी करावं असं वाटतं. वेस्ट यांचं उत्तर : तुम्ही कराल की, तुम्ही स्वतःला आवराल, आणि ताकदवान माणूस स्वतःला आवरताना पाहणं ही लोकांना नवी गोष्ट असेल. प्रेक्षक गोळीची वाट पाहत असतो आणि ती सुटत नाही. दुसरा एखादा सौम्य चेहऱ्याचा नट असता तर हा ताण आलाच नसता.

दिग्दर्शक विल्यम वायलरही शांततावादी नव्हता. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी हवाई दलात होता, बॉम्बफेकी विमानांतून चित्रीकरण केलं आणि त्यापायी एका कानाने कायमचा अधू झाला. युद्धाविषयी त्याला कल्पनेवर विसंबायची गरज नव्हती.

पुस्तकातून पडद्यावर, आणि गायब झालेलं नाव

जेसमिन वेस्ट यांचं पुस्तक १९४५ चं. ती सलग कादंबरी नाही, एकाच कुटुंबाच्या अनेक वर्षांतल्या कथा आहेत. इंडियानात रोपवाटिका चालवणारे पणजोबा आणि मिनिस्टर असलेली पणजी यांच्या आठवणी वेस्ट यांनी आईकडून ऐकलेल्या होत्या. हेच पणजोबा-पणजी अमेरिकेचे पुढचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचेही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात देश चालवणारा माणूस या घरातला, हे वाचून जरा थबकायला होतं.

पुस्तक आणि चित्रपट यांत एक मोठा फरक आहे. पुस्तकातला जॉश पहाऱ्यावर जातो, पण त्याच्या वाट्याला प्रत्यक्ष लढाई येत नाही. पडद्यावर ते चाललं नसतं, असं निर्मात्यांना वाटलं असावं. आम्हाला पुस्तकाचा मार्ग जास्त धाडसी वाटतो, पण जॉश रडत गोळ्या झाडतो तो क्षण त्यात सापडला नसता हेही खरं.

पटकथा लिहिली मायकल विल्सन यांनी. १९५१ मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांना बोलावलं गेलं. त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला आणि ते हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेले, म्हणजे त्यांना उघडपणे काम मिळेनासं झालं. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा श्रेयनामावलीत पटकथाकाराचं नावच नव्हतं. पुढे पटकथेला ऑस्कर नामांकन मिळालं आणि अकादमीने जाहीर केलं की लेखक नियमांनुसार पुरस्काराला अपात्र आहे. एकूण सहा नामांकनं, पुरस्कार एकही नाही. १९५७ मध्ये कान महोत्सवात मात्र याला सर्वोच्च सन्मान मिळाला, तोही बर्गमनचा ‘द सेव्हंथ सील’ आणि वायदाचा ‘कनाल’ स्पर्धेत असताना. विल्सन १९७८ मध्ये गेले. त्यांचं नाव पडद्यावर परत आलं १९९६ मध्ये. ‘आपल्या मनाला पटेल तेच करायचं, मग समाज काहीही म्हणो’ हे सांगणाऱ्या गोष्टीच्या लेखकाच्या बाबतीत हे घडलं. पुढे मे १९८८ मध्ये मॉस्कोतल्या भेटीत रोनाल्ड रेगन यांनी गोर्बाचेव्ह यांना भेट दिली ती याच चित्रपटाची.

कुठे कमी पडतो

विधवा हडस्पेथ आणि तिच्या तीन धिप्पाड मुली यांचा प्रसंग गरजेपेक्षा लांबला आहे. जॉशला चहूकडून घेरणाऱ्या मुली हा विनोद आज शिळा वाटतो. पर्डींचा पलटा पटकथेच्या सोयीचा आहे. मुख्य उणीव इनॉकची. सगळ्या वादाचं मूळ गुलामगिरीत आहे, ती भोगलेला माणूस घरातच आहे, आणि त्याला बोलायला जेमतेम दोन-चार वाक्यं मिळतात. जोएल फ्लुएलन या नटाने त्या थोड्या जागेतही पात्राला वजन दिलं, पण त्याच्या तोंडून एक पूर्ण प्रसंग हवा होता. तो असता तर इलायझाचा आग्रह आणखी कठीण कसोटीला लागला असता.

शुद्ध शांततावादी लोकांची वेगळी तक्रार असते : शेवटी सगळेच थोडेफार वाकतात, म्हणजे अहिंसा ही शांततेच्या काळातली चैन आहे असंच चित्रपट सुचवतो. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण जेसने न झाडलेली गोळी हिशोबात धरली तर तो अर्धाच खरा ठरतो.

घरी पाहताना

एका बैठकीत मुलांना १३७ मिनिटं जड जातात. हडस्पेथ बाईंच्या घरून बाप-लेक परततात तिथे थांबवा, पुढचा भाग दुसऱ्या दिवशी. विनोद आणि युद्ध यांचा सांधा साधारण तिथेच आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना पहिला भाग बिनधास्त दाखवता येतो. दुसऱ्या भागात रक्त फारसं दिसत नाही, पण सॅमचा मृत्यू आणि जॉशचं रडणं लहानांना लागतं, तेव्हा शेजारी बसा. इंग्रजी उपशीर्षकं चालू ठेवा. जुनं एकेरी संबोधन आणि इंडियानाची ढब एकत्र आल्यावर सरावलेल्या कानालाही वाक्य निसटतं.

चित्रपट रंगीत आहे, त्यामुळे कृष्णधवल प्रत सापडली तर ती सोडून द्या. १९७५ साली याच नावाचा दूरचित्रवाणीपटही निघाला होता. शोधताना तो पुढे येतो आणि लोक चुकून तोच लावतात. गॅरी कूपरचं नाव आणि १९५६ हे वर्ष तपासून घ्या. श्रेयनामावलीकडेही एक नजर टाका. मायकल विल्सन यांचं नाव दिसलं नाही, तर तुमची प्रत जुन्या प्रिंटवरून काढलेली आहे.